घर फिरतंय

आईनं हाक मारली तेव्हा पहाटेचे साडेचार वाजले असतील. 'अगं, घर फिरतंय गं.' जाऊन पाहते तो ती अंथरुणावर पालथी, दोन्ही तळहात फरशीला घट्ट लावलेले, डोळे मिटलेले, कपाळ घामानं भिजलेलं. उजव्या कुशीवर वळले आणि आढं गरगरा फिरायला लागलं, एवढंच ती सांगू शकली. अर्ध्या-एक मिनिटात ते थांबलं. मग उलटी झाली. सात वाजता ती भाकरी थापत होती, फक्त मान अशी धरून की डोक्यावर भरलेली घागर असावी.

दुपारपर्यंत गल्लीतल्या बायका येऊन गेल्या. एकीच्या मते पित्त, दुसरीच्या मते बीपी, तिसरीच्या मते उपासांनी आलेला अशक्तपणा. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली. संध्याकाळी जवळच्या दवाखान्यात मानेचा एक्स-रे निघाला आणि सगळ्यांत वजनदार कारण आमच्या हाती आलं : मणक्यात झीज आहे, नस दबतेय. मानेला पट्टा आला. आईनं तो सात महिने बांधला. चक्कर यायची तेव्हा येतच राहिली.

आई तेव्हा ६१ वर्षांची होती. चक्कर नवी, पण तिच्या आधीच्या दोन तक्रारी घरात मुरलेल्या होत्या. डोकेदुखी तिच्या तिशीच्या आतली. अर्धं डोकं ठणकायचं, उजेड नको व्हायचा, दार लावून ती अंधारात पडून राहायची. ऐकू कमी येणं मागच्या आठ-दहा वर्षांतलं, त्यातही उजवा कान जास्त गेलेला. आम्ही भावंडांनी या तिन्हींची एक मोळी बांधून टाकली. डोकं दुखतं, कान जातोय, आता घर फिरतंय, म्हणजे डोक्यातच काहीतरी आहे. 'गाठ' हा शब्द कुणी तोंडातून काढला नाही. रात्री दिवा मालवल्यावर मात्र माझ्या उशाशी तोच शब्द असायचा.

आज त्या महिन्यांकडे पाहिलं की कळतं, आम्हाला एका कारणाची फार ओढ लागली होती. कारण एक असलं की औषध एक, पथ्य एक, नवस एक. तीन वेगळी दुखणी एका बाईच्या वाट्याला यावीत हे मनाला पटत नाही; तिन्हींच्या मागं कुणीतरी एक बसलेलं असणार असंच वाटतं. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मानेच्या एक्स-रेत थोडीफार झीज दिसतेच, हे मला फार उशिरा समजलं. आम्हाला कारण हवं होतं आणि फिल्मवर ते दिसत होतं. कित्येक घरांत असा पट्टा खुंटीला टांगलेला मी नंतर पाहिला.

आमचं गाव इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला आणि पुढं गावाला 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणायला लागले. आमच्या घरी खाली आठ माग आणि वर राहायच्या दोन खोल्या. आप्पा, म्हणजे वडील, मागावर, आई कांडी मशीनवर. ती कांडी भरायची, कांडी धोट्यात बसायची, धोटा ताण्यामधून इकडून तिकडे फेकला जायचा आणि दर फेरीला लाकडावर ठोका पडायचा. एका मागाचे मिनिटाला शंभराहून जास्त ठोके, आणि असे आठ माग. माझा पाळणा त्याच खडखडाटात हलला. रात्री लाईट जाऊन माग थांबले की आम्ही पोरं दचकून जागी व्हायचो. शांततेत आम्हाला झोप लागायची नाही. शेडमध्ये बोलायची सोयच नव्हती. ओठ हलायचे, भुवया उडायच्या. तीन बोटं म्हणजे तीन नंबरचा माग, हवेत गोल फिरवलेली मूठ म्हणजे बीम संपत आलं. पुढं वाचनात आलं की इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांमधल्या बायकांनीही ओठांवरून बोलणं ओळखायची अशीच रीत पाडली होती आणि तिला 'मी-मॉइंग' असं नाव होतं. मँचेस्टरशी आमचं नातं कापडाचं म्हणून सांगतात. ते कानांचंही आहे.

आई ऐकण्यात चुकते हे आम्हाला दिसत होतं, पण आम्ही त्याला तिचं दुर्लक्ष समजलो. फोन ती डाव्या कानाला लावायची. कुकरच्या शिट्ट्या मोजायला धाकट्याला बसवायची. 'मला ऐकू येतंय, पर कळत न्हाई,' असं ती म्हणायची आणि आम्ही मोठ्यानं तेच वाक्य पुन्हा म्हणायचो. मोठ्यानं बोलणं म्हणजे तिच्यावर ओरडणंच होतं. ती मग गप्प बसायची.

आमच्या भागात दुखणं हाताबाहेर गेलं की 'मिरजेला न्या' म्हणतात. पट्ट्याचा सातवा महिना संपता संपता मी तिला मिरजेला नेलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाई होत्या. एक्स-रेचं पाकीट त्यांनी बाजूला ठेवलं, उघडलंच नाही. 'मावशी, चक्कर म्हणजे नेमकं काय होतं, ते तुमच्या शब्दांत सांगा.'

'चक्कर येते म्हंजे चक्करच येते की.'

'डोळ्यांपुढं अंधारी येते? भोवळ येऊन पडल्यागत होतं? चालताना झोक जातो? का घर फिरतं?'

'घर फिरतं,' आई लगेच म्हणाली. 'मी हितंच असते आणि घर फिरतं.'

हे चारही शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. अंधारी, भोवळ, झोक, गरगरणं. आजीच्या तोंडी तर घेरीही असायची. आपल्या बायका हे शब्द कधी एकमेकांच्या जागी वापरतात, सीमा काही काटेकोर नाहीत. तरी विचारून घेतलं तर प्रत्येक शब्द शरीरातल्या वेगळ्या जागेकडे बोट दाखवतो. बसल्या जागेवरून उठताना अंधारी येते ती बहुतेक वेळा रक्तदाब एकदम उतरल्यामुळं : पाणी कमी पडलेलं, अंगात रक्त कमी, किंवा बीपीच्याच गोळीचा जोर जास्त. भोवळ येऊन शुद्ध हरपली तर हृदयाचे ठोके आणि रक्तातली साखर आधी बघायला हवी. झोक जातो तेव्हा पायांच्या नसा, लहान मेंदू किंवा दोन्हीकडचे आतले कान बिघडलेले असू शकतात. आमच्या गल्लीतल्या एका काकांना क्षयासाठी महिनोन् महिने स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं घ्यावी लागली होती. क्षय बरा झाला, पण दिवसा नीट चालणारा हा माणूस अंधार पडला की भिंत धरून चालायचा. त्या औषधानं काहींच्या आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग कायमचा जातो. डोळे आणि पाय मिळून दिवसा ती उणीव भरून काढतात, रात्री डोळ्यांची मदत संपते. काकांना लोक दारू प्यायलेले समजायचे. त्यांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता.

आणि घर गरगर फिरतं, तेव्हा संशयाची सुई बहुधा कानाकडे जाते. डॉक्टर बाईंचा पुढचा प्रश्न वेळेचा होता. किती वेळ फिरतं? काही क्षण, काही तास, की दिवसच्या दिवस? सलग दोन-तीन दिवस घर फिरलं तर तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज आलेली असू शकते. वीस मिनिटांपासून काही तासांपर्यंत फिरलं, त्याच्यासोबत एका कानात भरल्यासारखं झालं, गुणगुण सुरू झाली आणि ऐकू येणं कमी-जास्त होत राहिलं, तर तो मेनिएर यांच्या नावाचा आजार. अर्धशिशीवाल्यांना तर डोकं न दुखताही मिनिटं, तास किंवा पुरा दिवस चक्कर येऊ शकते. आणि चक्करेबरोबर जीभ अडखळली, एकाची दोन दिसली, एका बाजूची शक्ती गेली, उभंच राहता येईना, तर कारणं शोधत बसायचं नाही. तो मेंदूचा झटका असू शकतो, घड्याळाकडे बघत मोठं रुग्णालय गाठायचं.

'सांगता येत न्हाई किती वेळ ते,' आई म्हणाली. 'पर खुणा केल्यात.' आणि तिनं पिशवीतून सुरळी केलेलं कालनिर्णय बाहेर काढलं.

मला याचा पत्ताच नव्हता. ते कॅलेंडर आमच्या स्वयंपाकघरात टांगलेलं होतं, त्यावर दुधाचे आकडे आणि गॅसची तारीख मांडलेली मी रोज पाहत होते. त्या आकड्यांशेजारी पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईनं स्वतःची लिपी केली होती : डोकं दुखलं की उभी रेघ, गोळी घेतली की टिंब, घर फिरलं की गोल. गोल लहान काढला असेल तर थोडा वेळ, मोठा काढला असेल तर जास्त. सात महिन्यांत एकही मोठा गोल नव्हता. डॉक्टर बाईंनी पानं टेबलावर पसरली, चष्मा लावला आणि बोटानं एकेक चौकट मोजत गेल्या. गोल आठ-दहा दिवसांच्या थव्यानं यायचे आणि मग तीन-चार आठवडे एकही नाही. रेघांचा त्यांच्याशी काही संबंध दिसत नव्हता. गोल असलेल्या कित्येक दिवशी रेघ नव्हती. तिसरी गोष्ट डॉक्टर बाईंनी पेन टेकवून दाखवली : टिंबं रेघांपेक्षा जास्त होती. डोकं न दुखलेल्या दिवशीही आईनं गोळी घेतली होती. 'दुखायच्या आधीच घेतलेली बरी,' ती हळूच म्हणाली. एका महिन्यात २२ टिंबं भरली.

आमची मोळी त्या टेबलावर सुटली.

आधी तपासणीच्या खाटेवर तिला पाय लांब करून बसवलं. डॉक्टर बाईंनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरून उजवीकडे वळवलं आणि म्हणाल्या, 'डोळे मिटायचे नाहीत मावशी, काहीही झालं तरी. माझ्या नाकाकडे बघा.' आणि झटक्यात तिला मागं आडवी केली, डोकं खाटेच्या कडेखाली थोडं लोंबेल असं. दोन-तीन सेकंद काही झालं नाही. मग आईनं माझं मनगट पकडलं आणि मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. बुबुळं फिरत होती. वरच्या अंगाला आणि एका बाजूला वळून झटके घ्यायची, परत जागेवर यायची, पुन्हा झटका. माणूस मनानं असं करू शकत नाही. घर फिरतंय असं ती सांगत होती तेव्हा ते खरोखर तिच्या डोळ्यांत फिरत होतं, आणि सात महिने आमच्यापैकी कुणी तिच्या डोळ्यांत वाकून पाहिलं नव्हतं. वीस-पंचवीस सेकंदांनी बुबुळं थांबली. मग डॉक्टर बाईंनी डोकं सावकाश डावीकडे वळवलं, तसंच धरलं. तिला डाव्या कुशीवर घेतली, तोंड जमिनीकडे, पुन्हा थांबल्या. आणि शेवटी उठवून बसवलं. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. गोळी नाही, सुई नाही.

आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत पाणी. डोकं जसं वळेल तसं ते पाणी हलतं आणि मेंदूला कळतं की आपण वळलो. शेजारच्या एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्याच जातीचे, डोळ्यांना न दिसणारे कण चिकट थरावर बसलेले असतात. वर-खाली, पुढं-मागं कुठं चाललो ते त्यांच्या वजनावरून समजतं. वय झालं, डोक्याला मार लागला, की त्यातले काही सुटतात आणि नळीत जाऊन पडतात. मग कूस बदलली की कण घरंगळतात, पाणी ढवळतं, आणि स्थिर पडलेल्या माणसाचं घर फिरायला लागतं. डोकं ठरावीक क्रमानं वळवून कण पुन्हा पिशवीत पाडायची ही युक्ती अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांची. १९८० मध्ये त्यांनी ती मांडली तेव्हा डॉक्टरांचा विश्वास बसेना. इतक्या सोप्या उपायावर कोण भरवसा ठेवणार! त्यांचा निबंध छापून यायला १९९२ साल उजाडलं. त्या रात्री आई उजव्या कुशीवर झोपली. दीड वर्षानं एकदा घर पुन्हा फिरलं, आम्ही पुन्हा मिरजेला गेलो, पुन्हा थांबलं. पट्टा मी स्वतःच्या हातानं टाकून दिला.

कानाची गोष्ट इतकी सरळ निघाली नाही. डॉक्टर बाईंनी नादकाटा कोपरावर आपटून आईच्या कपाळाच्या मधोमध टेकवला. 'कुठल्या कानात जास्त वाजतंय?' आई गोंधळली, कारण उत्तर तिला स्वतःलाच पटत नव्हतं. 'उजव्या.' जो कान जास्त गेला, त्यातच आवाज मोठा. नस अशक्त असेल तर आवाज चांगल्या कानाकडे जातो; पण बाहेरून आत येण्याच्या वाटेवर अडथळा असेल, तर हाडातून गेलेला आवाज त्या अडलेल्या कानातच घुमतो. आत डोकावून पाहिलं तर उजव्या पडद्याला जुनं भोक. मग आईला आठवलं, लहानपणी तो कान फुटला होता, वर्षभर वाहायचा. आणि त्याच भोकातून ती वर्षानुवर्षं लसूण तळलेलं कोमट तेल ओतत आली होती. कान दुखला की तेल, खाजला की तेल, ऐकू कमी येतंय तर आणखी तेल. पडद्याला भोक असताना कानात तेल नको, पाणी नको. कान कोरडा राहिला पाहिजे. हे तिला कुणी ५० वर्षांत सांगितलं नव्हतं.

मग तिला जाड अस्तराच्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेर कागदावर आलेख उतरत गेला, उजव्या कानाचे लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. डाव्या कानाची रेघ सुरुवातीला बरी चालली होती आणि चार हजार हर्ट्झपाशी खड्ड्यात पडावी तशी खाली कोसळली, पुढं जरा वर आली. 'आवाजात काम केलंय का कुठं?' यंत्रामागच्या मुलानं विचारलं. त्याला आमचं गाव माहीत नव्हतं, आलेखावरून त्यानं माग ओळखले. सतत गोंगाटात राहिलेल्या कानाचा पहिला खड्डा याच जागी पडतो. आतल्या शंखाकृती नळीत ध्वनी टिपणाऱ्या पंधरा हजारांच्या आसपास केसाळ पेशी असतात. त्या जन्मजात मिळतात तेवढ्याच. माणसात मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. उंच पट्टीच्या पेशी आधी जातात, म्हणून स्वर राहतात आणि व्यंजनं निसटतात. स, श, फ, ख, थ ही अक्षरं गळून पडतात. 'साखर' म्हटलं तर 'आ-अर' पोचतं. ऐकू येतंय पण कळत नाही, हे आईचं वाक्य त्या आलेखाचं अचूक भाषांतर होतं.

उजव्या बाजूला पडद्याचा भाग वजा करूनही नसेचं ऐकणं डाव्यापेक्षा कमी भरलं. गोंगाटानं कान जातात ते सहसा दोन्ही सारखे. एका बाजूला जास्त फरक दिसला की कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर हळूहळू वाढणारी, कर्करोगाची नसलेली गाठ नाही ना, हे बघावं लागतं. माझ्या उशाजवळचा शब्द डॉक्टर बाईंनी दिवसाउजेडी, साध्या आवाजात उच्चारला. एमआरआय झाला. गाठ नव्हती. त्या अहवालाची घडी मी किती वेळा उघडली आणि मिटली ते सांगत नाही.

रिपोर्ट हातात घेऊन एसटी स्टँडकडे जाताना वाटेत तंतुवाद्यांची गल्ली लागली. मिरजेचे तंबोरे सगळ्या देशात जातात. एका दुकानात कारागीर जवारी लावत बसले होते. घोडीवर तार टेकते तिथं सुताचा एक तुकडा त्यांनी तारेखाली सरकवला, किंचित पुढं, किंचित मागं. तार आधी मुकी, बोथट वाजत होती. सूत एका जागी आलं आणि नाद उघडला, त्यातून बारीक झळाळणारे स्वर एकामागून एक उठायला लागले. माझ्या अंगावर काटा आला. आईकडे पाहिलं. ती सुताकडे बघत होती. 'कसला काउंट असंल गं हा?' तिनं सुताची जाडी विचारली. मी म्हटलं, आवाज ऐक. कारागिरांनी तिच्यासाठी सूत काढून आणि घालून पुन्हा वाजवलं. 'दोन्ही सारखंच हाय की,' ती म्हणाली. जवारीची सगळी झळाळी वरच्या पट्टीत असते. आईच्या आलेखावरचा खड्डा काय असतो, ते मला त्या दुकानात कळलं.

याबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. ८५ डेसिबलपर्यंतचा आवाज आठ तास सोसता येतो आणि त्यापुढं दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते, हा हिशेब आता अनेक देशांत मानतात. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये ९५ डेसिबल सहज भरतात. त्या हिशेबानं तिथं तासभरही बसू नये. आमच्याकडे पाळी बारा तासांची. १९४८ च्या कारखाना कायद्यानं गोंगाटामुळं आलेला बहिरेपणा हा कळवणं सक्तीचा असलेला आजार ठरवला होता. पण त्या कायद्याच्या कक्षेत यायला विजेवर चालणाऱ्या कारखान्यात किमान दहा कामगार लागत. घराखालच्या आठ मागांना आणि कांडी भरणाऱ्या बाईला त्यात जागा नव्हती. कानात घालायची फोमची बोळी काही रुपयांना मिळतात. माझ्या लहानपणी ती आमच्या गल्लीत मी एकदाही पाहिली नाही.

डॉक्टरांची तरी कारणांची मोळी सुटायला किती वर्षं गेली! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चक्कर म्हणजे मेंदूत रक्त साचणं, असं युरोपातले वैद्य समजत आणि जळवा लावून रक्त काढत. पॅरिसमधल्या मूकबधिरांच्या संस्थेत वैद्य असलेल्या प्रॉस्पर मेनिएर यांनी जानेवारी १८६१ मध्ये सांगितलं की गरगरणं, गुणगुण आणि बहिरेपणा एकत्र आले तर मूळ कानात आहे. पुढच्याच वर्षी ते वारले. आणि आमच्या उलट चूक इंग्रजी लेखक जोनाथन स्विफ्ट यांची झाली. त्यांना विशीपासून चक्कर यायची, पुढं कान जायला लागला. चक्कर एका दिवशी खूप सफरचंदं खाल्ल्यानं लागली आणि बहिरेपणा दुसऱ्या वेळी सर्दीनं आला, अशी त्यांची पक्की समजूत होती. दोन वेगळे पाहुणे म्हणून ते त्यांच्याबद्दल लिहीत. ते वारले १७४५ साली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉक्टरांनी त्यांची पत्रं तपासून अनुमान काढलं की दोन्ही एकच असावं, मेनिएरचा आजार. त्यांनी एकाची दोन कारणं केली, आम्ही चारांचं एक केलं. चार म्हणते, कारण आईच्या कानाच्या एका तक्रारीलाही दोन कारणं निघाली होती.

राहिली डोकेदुखी. सुश्रुतसंहितेत 'अर्धावभेदक' म्हणून जे वर्णन आहे ती आपली अर्धशिशी. आईची अर्धशिशी खरी होती, पण तिच्यावर गोळ्यांनी दुसरी डोकेदुखी चढवली होती. वेदनाशामक साधं असेल तर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, दोन-तीन औषधं एकत्र केलेलं असेल तर १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक काळ घेतलं की त्या गोळीनंच डोकं दुखायला लागू शकतं. किराणा दुकानात सुटी मिळणारी, चहाबरोबर घ्यायची ती 'डोक्याची गोळी' अशीच मिश्रणाची होती. ती बंद केल्यावरचे पहिले दहा दिवस आईनं फार सोसले. अंधाऱ्या खोलीत तिच्या कपाळाला बाम चोळत आप्पा बसायचे, काही न बोलता. रोज घ्यायची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांनी दिली होती, ती लागू पडायला काही आठवडे गेले. उपाशी राहिलं की अर्धशिशी उठते हेही खुणांतून दिसलं. मंगळवार आणि गुरुवारच्या चौकटीत रेघा दाट होत्या. तिनं ते दोन उपास देवाची क्षमा मागून सोडले, संकष्टी ठेवली. तिसऱ्या महिन्यात पाच रेघा आणि चार टिंबं.

डाव्या कानाला आता यंत्र आहे. त्यानं गेलेलं परत येत नाही, उरलेलं नीट पोचतं. तिच्यासमोर बसून, तोंडाकडे तिला बघता येईल असं, सावकाश बोललं की ती सगळं ऐकते. ओरडावं लागत नाही. मुळात कधीच लागलं नसतं.

वाचणाऱ्यांना एकच विनंती. घरातल्या कुणाचं डोकं दुखत असेल, घर फिरत असेल, कान जात असेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेगवेगळ्या खुणा करा, आणि कुणी केल्या असतील तर त्यांना त्या विचारा. एका गोष्टीसाठी मात्र कॅलेंडर नको, तेवढा वेळच नसतो. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतला २६ वर्षांचा एक मुलगा सकाळी उठला तो एक कान बंद घेऊनच. मळ असेल म्हणून दीड महिना थेंब घातले. मळ नव्हता, नस गेली होती, आणि ती परत आली नाही. एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाचं ऐकू येणं गेलं, तर पहिल्या काही दिवसांतल्या औषधानं ते परत येण्याची शक्यता असते, दोन आठवड्यांनंतर ती झपाट्यानं कमी होते. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा.